‘प्रादेशिक’ म्हणजे किती आसनांचे?

‘प्रादेशिक’ म्हटले की आपल्या, यवतमाळकरांच्या, डोळ्यांपुढे प्रदेश येतो. अमेरिकेतील विमानकंपन्यांच्या करारांत मात्र हा शब्द आसनांनी मोजला जातो. तेथील तीन मोठ्या कंपन्यांच्या वैमानिक संघटनांनी अट घातली आहे : संलग्न छोट्या कंपन्यांनी ७६ आसनांपर्यंतचीच जेट विमाने उडवावीत. हा आकडा तंत्रज्ञानातून आलेला नाही. कमी वेतनावरील वैमानिकांकडे आपले काम सरकेल, या भीतीतून तो आला आहे.

मुंबईत हीच भीती उलट बाजूने प्रकटली. येथे प्रश्न मोठ्या विमानाचा होता. २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले, वैमानिकांच्या संघटना मात्र वेगळ्याच राहिल्या. ड्रीमलायनरचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही मिळणार, यावरून मूळ एअर इंडियातील ‘इंडियन पायलट्स गिल्ड’ने मे २०१२ मध्ये संप केला. तो ५८ दिवस चालला. संघटनेची मान्यता गेली, अनेक जण बडतर्फ झाले. याला केवळ हट्ट म्हणणे सोपे आहे. परंतु ज्येष्ठतेच्या यादीत नाव खाली गेले की कमांडरपद काही वर्षे लांबते, आणि ती वर्षे कोणताही लवाद परत देत नाही.