वाद्य न वाजवणारा माणूस

डहाणू तालुक्यातल्या आमच्या चिखले गावात ‘ऑर्केस्ट्रा’ म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो जत्रेतला किंवा गणपतीतला. कीबोर्ड, ऑक्टोपॅड, हिंदी गाणी आणि कानठळ्या बसवणारे स्पीकर. मीही तोच बघत मोठा झालो. सिम्फनी ऑर्केस्ट्रा नावाचं प्रकरण कळलं ते इंजिनिअरिंग संपवून मुंबईत नोकरीला लागल्यावर. सत्तर-ऐंशी वादक, एकही माईक नाही आणि समोर उभा राहून एक माणूस काडी हलवतोय. पहिल्यांदा बघणाऱ्या प्रत्येकाला पडतो तोच प्रश्न मला पडला. हा माणूस नक्की करतो काय?

उत्तराचा एक भाग शाळेतल्या विज्ञानात आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. म्हणजे 17 मीटर लांब बसलेल्या वादकाचा सूर आपल्यापर्यंत यायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. नुसतं ऐकून वाजवलं, तर मागची रांग कायम मागेच राहणार. प्रकाशाला हा उशीर होत नाही. म्हणून मोठ्या ऑर्केस्ट्रात सूर कानांनी जुळवतात, पण ताल डोळ्यांनी पकडतात. वाद्यवृंद लहान होते तोवर पहिला व्हायोलिनवादक किंवा हार्पसिकॉर्डवर बसलेला माणूसच इशारे द्यायचा. एकोणिसाव्या शतकात ते वाढत गेले आणि काडीवाला कंडक्टर वेगळा उभा राहिला.

हे कळलं तेव्हा मला आमच्याकडचा तारपा आठवला. डहाणू-तलासरी पट्ट्यात भातकापणीच्या दिवसांत वारली पाड्यांवर तो घुमतो. तारपावादक मध्ये, हात गुंफलेली नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती. तो वळला की रांग वळते, त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, असा रिवाज. वादक आणि कंडक्टर एकाच माणसात.

पण ताल दाखवणं हे कामाचं सोपं टोक झालं. अवघड टोक मुंबईच्या इतिहासात दिसतं.

1935 साली मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकाने बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात हौशी पारशी वादक होते, सिनेमात वाजवणारे गोव्याचे वादक होते आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली मंडळी. प्रत्येकाचं पोट दुसरीकडे. अशा लोकांना एका वेळी एका खोलीत आणणं, हेच खरं नेतृत्व. घरातलं हे सगळं बघत मेहलींचा मुलगा झुबिन वाढला. 1954 मध्ये तो व्हिएन्नाला शिकायला गेला, 1955 मध्ये मेहलीही इंग्लंडला गेले आणि त्यांच्यामागे तो ऑर्केस्ट्रा टिकला नाही. पुढे लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि इस्राएल इथल्या मोठ्या ऑर्केस्ट्रांची धुरा झुबिन मेहतांनी सांभाळली. वाढलेल्या शहरात मात्र त्यांच्यासाठी ऑर्केस्ट्राच उरला नव्हता.

मग 1958. गोव्यातल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हिंदी सिनेमातले नावाजलेले व्हायोलिनवादक आणि संगीत संयोजक. रागांवर आधारलेल्या रचना त्यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रासाठी लिहिल्या आणि शंभराहून अधिक वादक घेऊन सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात कार्यक्रम केला. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. हा प्रयोगही फार पुढे गेला नाही. 1965 मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्यात त्यांचं नाव गुंफलं. ते नाव आज पोराटोरांनाही पाठ आहे, पण त्या माणसाने ऑर्केस्ट्रा उभा केला होता हे फार थोड्यांना माहीत असतं.

2006 मध्ये एनसीपीएचे खुशरू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. भारतात पुरेसे वादक नव्हते, म्हणून कितीतरी जण कझाकस्तानातून यायचे. त्यावर टीका झाली. पण 2012 मध्ये त्यांनी मुलांसाठी संगीत अकादमी काढली, तेव्हा जुन्या दोन प्रयत्नांची उणीव त्यांना समजली होती असं मला वाटतं. आपण गेल्यावरही वाजवणारे हात राहायला हवेत. 2023 मध्ये या ऑर्केस्ट्रासमोर स्वतः झुबिन मेहता उभे राहिले, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी.

माझ्या धंद्यात कोड एकदा लिहून ठेवला की राहतो. दहा वर्षांनी उघडला तरी तिथेच असतो. ऑर्केस्ट्राचं तसं नाही. गोन्साल्विसांनी कागदावर लिहिलेलं संगीत कागद असेतो राहील, पण त्याचा ऑर्केस्ट्रा होतो तो माणसं जमली तरच, आणि तेवढ्याच वेळापुरता.

‘यूट्यूबवर सगळं आहे की,’ असं मित्र म्हणतात. आहेच. पण डबल बासचा सगळ्यात खालचा सूर सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा असतो. फोनच्या इवल्याशा स्पीकरला तो पेलतच नाही. सभागृहात तोच सूर खुर्चीतून पाठीला लागतो. शिवाय ऐकणाराही तिथे कामाला असतो. शेवटचा सूर विरताना हजार माणसं श्वास धरून बसतात, ती शांतता कुठल्या रेकॉर्डिंगमध्ये येणार? आणि तिकीट काढून बसलेली ती हजार माणसं नसतील, तर पुढच्या वर्षीची तालीम कोण आणि कशाच्या जोरावर बोलावणार?

डहाणू रोडहून चर्चगेटला थेट लोकल आहे. सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर, आणि तिथून एनसीपीए चालत गाठता येतं. उलट्या दिशेने आलात तर कापणीनंतर तारपा आहे. दोन्हीकडे फोन खिशात ठेवून जा. काडी धरणारा आणि तारपा फुंकणारा, दोघांनाही समोर माणसं लागतात.