स्लो नेटचा जुना धडा

आज सुरुवात एका आकड्यापासून: 9.6 केबीपीएस. 15 ऑगस्ट 1995 ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा घरच्या डायल-अपला एवढाच वेग मिळायचा. म्हणजे 1 एमबीचा फोटो उतरायला जवळपास 14 मिनिटं! तरी लोक ब्राउझिंग करायचेच. कसं?

आधी मजकूर, मग चित्रं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात 1992 मध्ये बनलेला लिंक्स हा ब्राउझर नुसती अक्षरं दाखवायचा. आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या स्वस्त खात्यावरही असंच बिनचित्रांचं नेट असायचं. 2006 मध्ये ऑपेरा मिनी जगभर आला. तो पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर लहान करून मग साध्या फोनवर पाठवायचा. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्येही डेटा वाचवणारा लाइट मोड होता, तो 2022 मध्ये बंद झाला.

मी स्वतः वेबसाइट्स बनवतो, म्हणून सांगतो: आज फॉर्मची शेवटची तारीख आहे आणि रेंज जेमतेम, अशा वेळी आमचे भलेमोठे बॅनर तुम्हाला नडतात. म्हणून सोय असेल त्या ब्राउझरमध्ये चित्रं बंद करा. व्हिडिओचा ऑटोप्ले आणि मागे चालणारे ॲप अपडेट थांबवा. वाचायचं पान चांगली रेंज असतानाच सेव्ह करून ठेवा.

आणि आम्ही इंजिनिअर लोकांनी? आधी मजकूर पाठवायचा. चित्र थांबू शकतं, शेवटची तारीख थांबत नाही.