बिनतारी श्रवणाचे मोजमाप

‘बिनतारी’ हा शब्द मराठीत आता जुना वाटू लागला आहे. हातात मावणारे ब्लूटूथ स्पीकर सीताबर्डीच्या दुकानांतून सर्रास मिळतात, पण त्यांना बिनतारी कोणी म्हणत नाही. रोजच्या ऐकण्यासाठी यांतील कोणता चांगला, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक आहे. मात्र ‘चांगले ऐकू येणे’ म्हणजे काय, याची कल्पना प्रत्येक पिढीत बदलत गेली आहे. प्रस्तुत लेखात आम्ही हा बदल प्रामुख्याने नागपूरच्या संदर्भात पाहणार आहोत.

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. शहर तेव्हा मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते. त्या काळचा रेडिओ बिनतारी खरा, पण जागचा हलणारा नव्हता. विजेची तार, छपरावरची एरियल आणि १९३३ च्या कायद्याने आवश्यक ठरवलेला परवाना अशा तीन बंधनांत तो जखडलेला होता. आतील व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावे लागे. लाकडी पेटीमुळे आवाज भरदार येई. तो ऐकायला घरातील माणसे बैठकीच्या खोलीत जमत आणि कोणते केंद्र लावायचे हे बहुधा वडीलधारे ठरवीत.

नागपूर केंद्र सुरू होण्याच्या अवघे सोळा दिवस आधी, ३० जून १९४८ रोजी, अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने ट्रान्झिस्टरचा शोध जाहीर केला होता. त्यावर चालणारा खिशात मावेल असा रेडिओ १९५४ साली तेथे बाजारात आला आणि पुढील दशकात आपल्याकडेही असे संच रुळू लागले. आवाजाच्या गुणवत्तेच्या दृष्टीने ही पीछेहाटच होती. लहान स्पीकरमधून खर्ज जवळजवळ नाहीसा होई आणि केंद्र नीट लागावे म्हणून संच हातात धरून फिरवावा लागे, कारण आतील फेराइटची कांडी ठरावीक दिशेनेच लहरी चांगल्या पकडते. तरीही ट्रान्झिस्टर जिंकला, कारण तो शेताच्या बांधावर, पानठेल्यावर, स्वयंपाकघरात म्हणजे ऐकणाऱ्याच्या कामाच्या जागी गेला. शिवाय मानवी बोलणे समजण्यास ध्वनीचा अरुंद पट्टाही पुरतो. बातम्या, भाषणे, श्रुतिका त्या लहान पेटीतूनही शाबूत पोहोचत.

श्रवणाचे मूल्यमापन कसे करावे याचा एक उत्तम दाखला १९५६ सालचा आहे. त्या वर्षी युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांसाठी कार्यक्रमांची एक मालिका प्रसारित झाली. तत्कालीन मुंबई राज्याच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावांत लोक गटाने ती ऐकत आणि नंतर तीवर चर्चा करीत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरॅथ यांनी असे गट असलेल्या आणि नसलेल्या गावांची तुलना केली. गट असलेल्या गावांत लोकांच्या माहितीत स्पष्ट भर पडल्याचे दिसले. ऐकणाऱ्यांच्या पदरात काय पडले, हे येथे मोजले गेले. आमच्या मते ही कसोटी आजही मोलाची आहे.

ब्लूटूथ स्पीकरचा बिनतारीपणा साधारणतः दहा-वीस पावलांचा असतो. दुरून येणारा ध्वनी आधी फोनमध्ये उतरतो. शेवटचे अंतर तेवढे स्पीकर पार करतो. त्यामुळे ज्याच्या हाती फोन, त्याचीच निवड. याउलट १८ मे १९८८ रोजी नागपूरहून १००० किलोवॅट क्षमतेच्या प्रक्षेपकाद्वारे आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली. मध्यमलहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरातून परावर्तित होऊन दूरवर जातात; म्हणून देशाच्या मध्यावरून रात्रभर केलेले प्रसारण अनेक राज्यांत पोहोचे. एकमेकांना अनोळखी असलेली जागी माणसे एकाच वेळी तेच ऐकत. २०१९ च्या आरंभी ही सेवा बंद झाली.

मग आजचा स्पीकर कसा पारखावा? दुकानात दणदणीत खर्जाची भुरळ पडते. पण मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, नागपूरच्या घराघरांत कूलर घरघरू लागतात आणि तो खर्ज त्या घरघरीत बुडून जातो. बोलणे कळते ते मुख्यतः व्यंजनांमुळे. तेव्हा कूलर चालू ठेवून, मध्यम आवाजात एखादे अभिवाचन लावावे आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसावे. ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतील भेद, वाक्याच्या शेवटचे क्रियापद तेथे स्पष्ट ऐकू येते का, हे पाहावे. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. म्हणून असा स्पीकर तापलेल्या खिडकीत चार्जिंगला ठेवू नये.

साहित्याच्या अध्यापकांना ही परीक्षा वर्गातही घेता येईल. एक कथा सर्वांना एकदाच ऐकवावी आणि मागच्या बाकावरील विद्यार्थ्यांना ती आपल्या शब्दांत सांगायला लावावी. त्यांनी जेवढी सांगितली, तेवढी त्या यंत्राची योग्यता.