आंबील आणि खमीर: बासर परिसरातील आंबवण्याची परंपरा

पीठ पाण्यात कालवून उबेला ठेवले की ते आपोआप आंबते. धान्याच्या कोंड्यावर मुळातच असलेले यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू पाणी मिळताच वाढू लागतात. यीस्ट पिठातील साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडते, त्यामुळे पीठ फुगते. जिवाणूंच्या आम्लामुळे ते आंबट होते आणि सडवणारे बहुतेक जंतू त्यात तग धरत नाहीत. अशा पिठाचा थोडा भाग राखून त्यात रोज नवे पीठ व पाणी घातले की खमीर जिवंत राहते. पाश्चात्त्य बेकरीत यालाच सावरडो स्टार्टर म्हणतात.

ही युक्ती फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये फुगवलेली भाकरी रोजच्या आहारात होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी याने नोंदवले आहे की, लोक आदल्या दिवशीचे पीठ राखून नवे पीठ फुगवतात, तसेच भरड धान्याचे पीठ द्राक्षरसात मळून केलेले खमीर वर्षभर टिकते. भारतात चरकसंहितेत जवापासून आंबवलेल्या सौवीरक आणि तुषोदक या पेयांचा उल्लेख येतो. भारतीय परंपरेत आंबवलेले धान्य भट्टीपेक्षा भांड्यात अधिक रमले, याची ही जुनी साक्ष होय.

गोदावरीच्या काठचे बासर सरस्वतीच्या मंदिरासाठी आणि तिथे होणाऱ्या मुलांच्या अक्षराभ्यासासाठी प्रसिद्ध आहे. ते ज्या मुधोळ तालुक्यात होते, तो तालुका हैदराबाद राज्यातील नांदेड जिल्ह्याचा भाग होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा तो अदिलाबाद जिल्ह्यात गेला; 2016 मध्ये अदिलाबादचे विभाजन होऊन बासर निर्मल जिल्ह्यात आले. सीमा बदलल्या, तरी नदीच्या दोन्ही बाजूंच्या मराठी आणि तेलुगू घरांचे मुख्य धान्य दीर्घकाळ ज्वारीच राहिले.

ज्वारीनेच इथल्या आंबवण्याला दिशा दिली. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की ग्लूटेनचे लवचीक जाळे तयार होते आणि यीस्टचा वायू त्यात अडकून पाव फुगतो. ज्वारीत ग्लूटेन नसते. तिचे पीठ कितीही आंबवले तरी वायू निसटून जातो, म्हणून तिची भाकरी ताज्या पिठाची थापतात आणि आंबवलेल्या पिठाची आंबील करतात. ज्वारीचे पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून मातीच्या मडक्यात रात्रभर ठेवायचे, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून शिजवायचे, गार झाल्यावर ताक, मीठ, जिरे, लसूण घालून प्यायचे, ही तिची साधी रीत. ताकातील जिवाणू इथे खमिराचे काम करतात. रोज वापरातल्या मातीच्या भांड्याच्या सच्छिद्र भिंतीतही त्यांचा अंश उरतो, त्यामुळे पुढची आंबील लवकर आंबते. उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्या माणसाला तिने पाणी, मीठ आणि अन्न एकदमच मिळते.

तेलुगू घरांत हेच पेय अंबली या नावाने ओळखले जाते. तिथे तरवाणीचीही चाल होती: मडक्यात भाताची पेज आणि पाणी साठवून आंबवायचे, त्यातले लागेल तेवढे काढायचे आणि रोज नवी भर घालायची. मडके पूर्ण रिकामे करायचे नाही, हा तिचा मुख्य नियम. खमीर राखणाराही नेमके हेच करतो.

मराठवाड्यात आंबिलीला सणाचाही मान आहे. लातूर, धाराशिव आणि नांदेडच्या काही भागात मार्गशीर्षातील वेळ अमावस्येला शेतकरी कुटुंबे शेतात कडब्याची कोप उभारतात, पांडवांची पूजा करतात आणि मडक्यातून आणलेली आंबील, भजी, उंडे असे जेवण शेजारी-पाहुण्यांसह जेवतात. ज्येष्ठा गौरींच्या, म्हणजे महालक्ष्मींच्या नैवेद्यातही अनेक घरी आंबील असते.

गहू फुगवण्याची कला दख्खनमध्ये मुख्यतः मुस्लिम भटारखान्यांतून रुजली. औरंगाबादचा नान-खलिया तिची ओळख सांगतो. हैदराबादेत 1851 मध्ये सुरू झालेले मुन्शी नानचे दुकान याच परंपरेतले. गोव्यात 1510 नंतर पोर्तुगीजांनी पाव आणला. तिथे यीस्ट मिळत नव्हते, म्हणून पोदेरांनी, म्हणजे पाव भाजणाऱ्यांनी, माडाची सूर (माडी) पिठात घातली. सुरेत यीस्ट विपुल असते, त्यामुळे पाव तिच्यावर उत्तम फुगला.

लुई पाश्चरने 1857 मध्ये लॅक्टिक आंबवणामागे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. पुढे कारखान्यातले यीस्ट बाजारात आले आणि काही तासांचे काम तासा-दीड तासावर आले. गोव्यात सूर मागे पडली. 2020 च्या टाळेबंदीत मात्र घरी खमीर लावण्याची आवड जगभर पसरली आणि ती भारतीय स्वयंपाकघरांतही पोहोचली.

गोदाकाठच्या घरात खमीर लावायला वेगळे साहित्य लागत नाही. जात्यावरचे किंवा गिरणीतले कोंड्यासह गव्हाचे पीठ आणि तेवढ्याच वजनाचे पाणी काचेच्या बरणीत कालवून झाकण सैल ठेवायचे. रोज थोडे मिश्रण राखून उरलेले काढायचे आणि तितकेच नवे पीठ व पाणी घालायचे. पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारे बुडबुडे बहुधा इतर जिवाणूंचे असतात. मग एखाद-दोन दिवस मिश्रण थंडावते, त्याला खराब समजू नये. आठवडा ते दोन आठवड्यांत ते पीठ घातल्यावर काही तासांत दुप्पट फुगू लागले की पावासाठी तयार झाले. इथल्या उन्हाळ्यात आंबण्याचा वेग फार वाढतो, म्हणून तेव्हा दिवसातून दोनदा पीठ घालावे, किंवा बरणी फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यातून एकदा. वर साचलेले करडे पाणी भुकेचे लक्षण आहे, ते ढवळून पीठ घालावे. गुलाबी वा नारिंगी छटा किंवा बुरशी दिसली, तर मात्र सगळे टाकून नव्याने सुरुवात करावी. काढलेले पीठ वाया जात नाही. त्यात बेसन, कांदा आणि मीठ घालून तव्यावर धिरडी होतात.