पायली, मण आणि गिगाबाइट

आजचा विषय मेमरी कार्डाचा, पण सुरुवात भाताच्या मापापासून करू.

आमच्या शेणव्याकडे, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या भातपट्ट्यात, जुनी माणसं अजून पायलीत बोलतात. दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. बघा, सगळीकडे दुप्पट नाहीतर चौपट. दहा कुठेच नाही. रास अर्धी करायला नजर पुरते, दहावा भाग काढायला हिशेब लागतो. कॉम्प्युटरचंही तसंच. त्याला चालू आणि बंद एवढंच कळतं, म्हणून तिथेही 2, 4, 8, 16 अशीच चढण. आठ बिटांचा एक बाइट, त्याच्या मांडण्या 256. सोळा पायल्यांचा मण धरला तर त्यात चिपटीही 256 च भरतात! योगायोगच, पण मला भारी आवडतो.

आता 'सोळाचा धरला तर' असं का म्हटलं? कारण कुठे बारा पायल्यांचा मण, कुठे सोळाचा. वजनी मणाची तीच गत. मुंबईचा मण 28 पौंडांचा, बंगालचा 82 पौंडांच्या वर, आणि शेर दोन्हीकडे 40 च. नाव एक, माल वेगळा. याचा भुर्दंड कुणाला? पावसाळ्यात खावटी नेणाऱ्याला. पायली कुणाची, शीग लावायची की सपाट, हे देणारा ठरवणार, आणि सुगीला फेड दीडीने.

आता 1956 साल. त्या वर्षी आयबीएममध्ये वर्नर बुखहोल्झ यांनी 'बाइट' हा शब्द काढला. त्याच कंपनीने रॅमॅक हे हार्डडिस्कवालं पहिलं यंत्र जाहीर केलं. 50 तबकड्या, त्यात 50 लाख अक्षरं, म्हणजे आज मोबाइलमधला एखादा फोटो. आणि त्याच वर्षाच्या शेवटी आपल्याकडे वजन-मापांचा कायदा झाला. 1958 पासून किलो येऊ लागला. किलो म्हणजे हजार, मग तो शहापुरात असो की कलकत्त्यात.

कॉम्प्युटरवाल्यांनी हाच 'किलो' उचलला आणि 1024 ला चिकटवला, कारण दुपटीच्या हिशेबात हजाराच्या जवळ तेवढीच संख्या येते. 24 चा फरक कोण बघतो? पण गिगापर्यंत तो 7 टक्क्यांवर जातो. कार्ड बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज 1024 ने. म्हणून 64 जीबीचं कार्ड लावलं की 59.6 दिसतं. दुकानदाराशी भांडू नका, पायल्या दोन आहेत. 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेने 1024 वाल्या मापांना किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं दिली. व्यवहारात ती फारशी कुणी घेतली नाहीत, आणि माझ्या मते घोळ तिथेच राहिला.

आपल्या लिपीचा हिशेब आणखी निराळा. रोमन अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला युनिकोडच्या नेहमीच्या पद्धतीत तीन. 'शेणवा' मध्ये काना-मात्रा धरून पाच चिन्हं, म्हणजे 15 बाइट. रोमनमध्ये लिहिलं तर सहा. एसएमएसमध्येही रोमनला 160 अक्षरांची जागा, मराठीला 70 चिन्हांची.

तरी आवाजापुढे हे काहीच नाही. 128 किलोबिटचा ऑडिओ घ्या. बिट आहेत, आठने भागा. सेकंदाला 16 किलोबाइट, तासाला साधारण 58 एमबी. हा अख्खा लेख दहा किलोबाइटच्याही आत बसतो. रेंजची एकच काडी असेल तर ऐकू नका, वाचा.