महानगरांतील विद्यार्थी निवास : भाड्यापलीकडचा खर्च आणि भाडेकरूचे हक्क

नवी दिल्ली : शिक्षणासाठी मोठ्या शहरात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या खर्चात निवासाचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो. शासकीय किंवा अनुदानित महाविद्यालयात प्रवेश मिळालेल्यांच्या बाबतीत तर तो शैक्षणिक शुल्काच्या कितीतरी पट होतो. शुल्काचा तक्ता प्रवेशापूर्वीच प्रसिद्ध होतो. निवासाच्या अटी मात्र अनेकदा खोली दाखविणाऱ्याच्या तोंडीच असतात. त्यामुळे स्वस्त वाटलेली जागा वर्षअखेरीस महाग ठरण्याचे प्रकार घडतात.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशातील उच्च शिक्षणातील नोंदणी सुमारे ४ कोटी ३३ लाख होती. या संख्येच्या तुलनेत वसतिगृहांची क्षमता अपुरी असल्याने खासगी खोल्यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली आहे. दिल्लीतील मुखर्जी नगर, जुना राजेंद्र नगर, लक्ष्मी नगर, हैदराबादचे अमीरपेट, पुण्यातील सदाशिव आणि नारायण पेठ हे परिसर त्यासाठी ओळखले जातात. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांच्या तयारीसाठी दिल्लीत जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांचा मुक्कामही प्रामुख्याने यांपैकी पहिल्या दोन भागांत असतो.

उपलब्ध पर्याय

शैक्षणिक संस्थेचे वसतिगृह हा सामान्यतः सर्वांत कमी खर्चाचा पर्याय होय. मात्र महाविद्यालयातील प्रवेश म्हणजे वसतिगृहातील प्रवेश नव्हे. दिल्ली विद्यापीठाच्या अनेक महाविद्यालयांना स्वतःचे वसतिगृहच नाही. जेथे आहे तेथे स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि गुणवत्ता यादीही स्वतंत्र लागते. प्रवेश निश्चित होताच या अर्जाची मुदत पाहणे आवश्यक असते.

दुसरा पर्याय शासकीय आणि धर्मादाय संस्थांच्या वसतिगृहांचा. महाराष्ट्रात या व्यवस्थेला मोठी परंपरा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढे विविध समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली. पुण्यात १९५५ मध्ये स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण भागातील गरजू विद्यार्थ्यांसाठी आजही वसतिगृहे चालवते.

महाराष्ट्रात शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील पात्र विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांसाठी तिची वार्षिक रक्कम ६०,००० रुपये ठरविण्यात आली. त्यात भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० रुपयांचा समावेश आहे. निवासाची रक्कम दहा महिन्यांत विभागल्यास दरमहा २,००० रुपये होतात. एवढ्या रकमेत या शहरांत खोलीतील एक खाट मिळणेही कठीण असल्याने उरलेला भार कुटुंबावरच येतो. अनुसूचित जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे.

तिसरा पर्याय पेइंग गेस्ट अर्थात पीजीचा. पुण्यात हीच पद्धत ‘कॉट बेसिस’ म्हणून रूढ आहे. येथे भाडे खोलीचे नव्हे, खाटेचे असते. चौथा पर्याय तीन-चार विद्यार्थ्यांनी मिळून सदनिका भाड्याने घेण्याचा. त्यात दरडोई भाडे कमी पडते. परंतु अनामत, दलाली, भांडीकुंडी आणि वीज यांचा भार सर्वांना उचलावा लागतो. एक जण मध्येच सोडून गेल्यास त्याचा हिस्सा उरलेल्यांवर पडतो.

खरा मासिक खर्च कसा काढावा?

जागांची तुलना मासिक भाड्यावर नव्हे, तर शैक्षणिक वर्षाच्या एकूण खर्चावर करणे योग्य ठरते. समजा, एका जागेचे भाडे ८,००० रुपये, अनामत दोन महिन्यांची आणि दलाली एका महिन्याची आहे. पहिल्या महिन्याच्या भाड्यासह ताबा घेतानाच ३२,००० रुपये मोजावे लागतात. दहा महिन्यांनी जागा सोडताना रंगकामाच्या नावाखाली एका महिन्याचे भाडे अनामतीतून कापले गेले, तर एकूण खर्च ९६,००० रुपये, म्हणजे दरमहा ९,६०० रुपये होतो. याउलट ९,००० रुपये भाडे, दलाली नाही आणि अनामत पूर्ण परत, अशी जागा दहा महिन्यांत ९०,००० रुपयांना पडते. वरवर महाग दिसणारी दुसरी जागा ६,००० रुपयांनी स्वस्त ठरते.

या हिशेबात डबा किंवा खानावळ, कपडे धुणे, इंटरनेट आणि प्रवासखर्च मिळवावा. सुट्टीत गावी गेल्यावरही पूर्ण भाडे द्यावे लागते काय, हे आधीच विचारून घ्यावे. ठरलेल्या मुदतीपूर्वी जागा सोडल्यास अनामत जप्त करणारी ‘लॉक-इन’ अट पीजीच्या करारांत सर्रास आढळते. प्रवेशाच्या पुढील फेरीत दुसरे महाविद्यालय मिळालेल्या विद्यार्थ्यांना तिचा फटका बसतो.

विजेचा दर हा आणखी एक मुद्दा. दिल्लीत घरगुती विजेचा दर पहिल्या २०० युनिटपर्यंत प्रतियुनिट ३ रुपये आहे; भाड्याच्या खोल्यांत मात्र सब-मीटरवर याच्या दुप्पट-तिप्पट आकारणी होत असल्याच्या तक्रारी कायम आहेत. प्रतियुनिट दर करारात लिहून घेणे आणि प्रवेशाच्या दिवशी मीटरवरील आकड्याचे छायाचित्र काढून ठेवणे हिताचे ठरते.

वस्तू व सेवा कराबाबतही स्पष्टता आली आहे. वसतिगृहांच्या भाड्यावर १२ टक्के कर लागू होतो, असा निर्णय कर्नाटकातील अग्रिम निर्णय प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये दिला होता. त्यानंतर २२ जून २०२४ रोजी झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५३ व्या बैठकीत प्रतिव्यक्ती दरमहा २०,००० रुपयांपर्यंतच्या निवास सेवेला करमाफी देण्याची शिफारस झाली आणि ती जुलै २०२४ पासून अमलात आली. निवास सलग किमान ९० दिवसांचा असावा, ही तिची अट आहे. त्यामुळे या मर्यादेतील पीजीने बिलात जीएसटी लावल्यास विचारणा करावी.

शैक्षणिक कर्ज घेणाऱ्यांनी निवासाचा खर्चही अर्जात दाखवावा. भारतीय बँक संघाच्या आदर्श कर्ज योजनेत वसतिगृह शुल्काचा समावेश असून, बाहेर राहणाऱ्यांचा वाजवी निवास व भोजन खर्चही ग्राह्य धरण्याची तरतूद आहे.

अनामत आणि करार

अनामत रकमेची प्रथा शहरागणिक बदलते. बेंगळुरूत सदनिकेसाठी पाच ते दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागितली जाते. दिल्लीत ती सहसा एक-दोन महिन्यांची असते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी कमाल दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा आहे. लेखी करार आणि जागेत येण्यापूर्वी मालकाने २४ तासांची पूर्वसूचना देणे, या तरतुदीही त्यात आहेत. मात्र हा केवळ आदर्श मसुदा असून राज्याने स्वतःचा कायदा केल्यावरच त्याचा लाभ मिळतो. उत्तर प्रदेशाने २०२१ मध्ये तसा कायदा केल्याने नोएडा, लखनऊ, प्रयागराज येथील भाडेकरूंना दोन महिन्यांच्या मर्यादेचा आधार घेता येतो.

दिल्लीतील स्थिती वेगळी आहे. तेथील १९५८ चा भाडे नियंत्रण कायदा दरमहा ३,५०० रुपयांहून अधिक भाड्याच्या जागांना लागू होत नाही. आजच्या दरात बहुतांश खोल्या त्याच्या कक्षेबाहेर जातात आणि विद्यार्थ्याच्या हाती मुख्यतः करारच उरतो.

बहुतेक राज्यांत करार ११ महिन्यांचा केला जातो, कारण १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार कितीही मुदतीचा असला तरी तो लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी मालकाची असून, ती न केल्यास अटींविषयी वाद उद्भवल्यावर अन्यथा सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. पोलिसांकडे दिलेली भाडेकरूची माहिती हा कराराला पर्याय नव्हे.

सुरक्षिततेची किंमत

कमी भाड्याची जागा निवडताना इमारतीकडे दुर्लक्ष होणे जिवावर बेतू शकते. १५ जून २०२३ रोजी मुखर्जी नगरातील शिकवणी वर्गाच्या इमारतीत आग लागली, तेव्हा विद्यार्थ्यांना खिडक्यांतून दोराच्या साहाय्याने उतरावे लागले. २७ जुलै २०२४ रोजी जुन्या राजेंद्र नगरात तळघरातील ग्रंथालयात पावसाचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. या दोन्ही इमारती निवासी नव्हत्या. परंतु दाटीवाटीच्या याच वस्त्यांत विद्यार्थ्यांच्या खोल्याही आहेत. दुसरा जिना, खिडक्यांवरील उघडता येणारे गज, अग्निशमन साधने आणि विजेच्या तारांची अवस्था प्रत्यक्ष पाहूनच निर्णय घ्यावा. तळघरातील खोली टाळावी.

बेंगळुरू महापालिकेने ऑगस्ट २०२४ मध्ये पीजीसाठी मार्गदर्शक सूचना जारी केल्या. त्यांत प्रतिव्यक्ती किमान ७० चौरस फूट जागा, दररोज १३५ लिटर पाणी आणि सीसीटीव्ही चित्रणाचा ९० दिवसांचा साठा या अटी आहेत. अन्य शहरांतही जागा तपासताना हे निकष मोजपट्टी म्हणून वापरता येतील.

तक्रार कोठे करावी?

प्रत्यक्ष जागा पाहिल्याशिवाय ‘टोकन’ रक्कम पाठवू नये. ती घेऊन संपर्क तोडल्यास १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तातडीने तक्रार नोंदवावी. भाडे आणि अनामत बँकेमार्फत द्यावी. रोख दिल्यास पावती घ्यावी. प्रवेशाच्या दिवशी भिंती, गादी, कपाट, नळ यांची छायाचित्रे काढून ती मालकाला पाठवून ठेवल्यास पुढे कपातीचा वाद सोडविणे सोपे जाते.

पीजी भोजन, स्वच्छता, देखभाल अशा सेवा मोबदला घेऊन पुरवते. त्यामुळे त्यातील त्रुटी किंवा अडवून ठेवलेली अनामत यांबाबत ग्राहक म्हणून दाद मागता येते. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार करता येते. तोडगा न निघाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांत तेथे शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. म्हणजेच दिल्लीत अडकलेल्या अनामतीसाठी लातूर किंवा अकोल्याला परतलेल्या विद्यार्थ्याला आपल्या जिल्ह्यातून दाद मागता येते. मात्र त्यासाठी करार, पावत्या आणि संदेश जपून ठेवलेले असावे लागतात.