दूध, दाम आणि बाळसे

स्वारगेटाहून साताऱ्याच्या वाटेला लागून कात्रजचा घाट ओलांडला म्हणजे पुढे, भोरचा फाटा जेथे फुटतो तेथे, कापूरहोळ हे गाव लागते. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर जन्मलेल्या संभाजीराजांना, मातोश्री सईबाईंच्या आजारपणामुळे, अंगावर पाजण्यासाठी याच गावच्या धाराऊ गाडे पाटील यांची योजना झाली. त्यांना सरकारातून सालीना नेमणूक मिळाली आणि अंतोजी व रायाजी हे त्यांचे पुत्र राजांचे दूधभाऊ म्हणून चाकरीत राहिले, अशी परंपरा आहे. धात्री कशी पारखून घ्यावी याचे विवेचन सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानातही आढळते; तेव्हा स्तन्याचा आणि घरच्या ऐपतीचा संबंध ही काही आजची बाब नव्हे.

धाराऊंना दूध पाजण्याचे वेतन मिळाले, तर दंतकथेतल्या हिरकणीला चार दाम मिळवण्यासाठी तान्हे मूल घरी ठेवून रायगडावर दूध विकायला जावे लागले, आणि सांजेस दरवाजे बंद झाल्यावर ती कडा उतरून गेली. एस.टी.ने आपल्या निमआराम गाडीला आणि स्थानकांवरील स्तनदा मातांच्या कक्षाला तिचेच नाव दिले आहे. औचित्य उत्तम साधले, यात शंका नाही. तथापि कड्याचे कौतुक करताना ती गडावर पोटासाठी गेली होती, एवढे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.

विसाव्या शतकात वरच्या दुधाला डब्याचे रूप आले. प्रथम ग्लॅक्सोसारखी विलायती भुकटी, पुढे म्हशीच्या दुधापासून आणंदला बनलेली अमूलची भुकटी शहरांतील खात्यापित्या घरांत शिरली, आणि डब्यावरचे गुबगुबीत मूल सुबत्तेचे प्रशस्तिपत्र ठरले. सुईणी व आज्या ज्याला बाळसे धरणे म्हणत, ते आता दुकानात मिळते असा समज झाला. ज्यांना डबा परवडत नव्हता त्यांनी तोच डबा पाणी वाढवून पुरवला, आणि तेथे मुले हगवणीने खंगली. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या विक्रीविषयी संहिता केली. १९९२ च्या भारतीय कायद्याने जाहिरात तर बंद केलीच, शिवाय डब्यावर बालकाचे वा स्त्रीचे चित्र छापण्यासही मनाई केली. ते गुबगुबीत मूल अशा रीतीने कायद्याने हद्दपार झाले.

मुलांतून मात्र ते हद्दपार झाले नाही. आईच्या दुधाने पुढचे स्थौल्य टळते, असे पाश्चात्त्य देशांत पुष्कळदा दिसून आले. पण तेथे दीर्घकाळ अंगावर पाजणाऱ्या माता बहुधा सुशिक्षित व सधन, मग मुलाच्या सडपातळपणाचे श्रेय दुधाला द्यावे की दामाला? बेलारूसमध्ये १९९६-९७ साली सुमारे सतरा हजार बालकांवर, काही प्रसूतिगृहांत स्तनपानास विशेष उत्तेजन देऊन व काहींत न देता, हा प्रश्न तपासला गेला. उत्तेजन मिळालेल्या माता अधिक काळ पाजत राहिल्या, त्यांच्या मुलांना पहिल्या वर्षी जुलाबाचे विकार कमी झाले, पण साडेअकराव्या वर्षी चरबीत काही उणे आढळले नाही. आपल्याकडे तर प्रवाहच उलटा: गरीब माता अंगावर पाजते आणि स्थूल मूल पुष्कळदा सधनाच्या घरी दिसते, तेव्हा विलायती निष्कर्ष जसाच्या तसा उचलणे धोक्याचे.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवतींची पाहणी केली, तेव्हा प्रश्न आणखी मागे, थेट गर्भाशयात गेला. तेथील नवजात बालके सरासरी सुमारे २.७ किलोंची, इंग्लंडातील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची, परंतु आपल्या बालकांचे स्नायू उणे असूनही त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे दिसायला किडकिडीत मूलही चरबीची पुंजी घेऊन जन्मते, आणि पुढे घरी पैसा आला की ती वाढीस लागते.

पाजायला सवड हवी, आणि सवडीलाही पैसे पडतात. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाचा पुरस्कार करणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते; १९२९ मध्ये तो कायदा कारखान्यांतील स्त्रियांपुरता झाला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा पहिल्या दोन अपत्यांसाठी बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली. स्वारगेटजवळच्या गुलटेकडीच्या बाजारात रोजंदारीवर कांदा निवडणाऱ्या बाईचे नाव बहुधा कोणत्याच हजेरीपटावर नसते; तिच्या रजेचे आठवडे मोजायचे कोणी?